संगणक प्रशिक्षण वर्ग दिव्यांगांसाठी खुला करताना: जाहिरातीपासून नोकरीपर्यंत

तालुक्याच्या गावात तीन महिन्यांचा कार्यालयीन संगणकाचा वर्ग सुरू करायचा आहे असं धरू. मराठी-इंग्रजी टायपिंग, वर्ड, एक्सेल, ईमेल आणि थोडा हिशेब असा अभ्यासक्रम. २० जणांची बॅच, आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन तास. यातले चार-सहा जण दिव्यांग असतील आणि त्यांनी बाकीच्यांच्या शेजारी बसून तेच शिकावं, त्याच परीक्षेला बसावं, अशी आखणी कशी करायची ते पुढे दिलं आहे. शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, नर्सिंग सहाय्यक अशा वर्गांनाही यातलं बरंच लागू पडतं.

सुरुवातीलाच एक सांगायला हवं. बहुतेक संस्था पहिला खर्च रॅम्पवर करतात. रॅम्प हवाच. पण माणसं वर्ग सोडून जातात ती जास्त करून नोट्स वाचता येत नाहीत म्हणून, शिक्षकाचं बोलणं कळत नाही म्हणून, आणि परीक्षेच्या दिवशी लेखनिक (उमेदवार सांगेल ते लिहून देणारा) मिळत नाही म्हणून. या तिन्ही गोष्टींना सिमेंटपेक्षा वेळ जास्त लागतो. त्यामुळे काम वर्गाच्या आठ आठवडे आधी सुरू करा.

आठ आठवडे आधी: जाहिरात आणि अर्ज

जाहिरातीत "दिव्यांगांना प्राधान्य" एवढंच छापून काही कळत नाही. काय आहे आणि काय नाही, दोन्ही लिहा. उदाहरणार्थ: "वर्ग तळमजल्यावर आहे. रॅम्प आहे. व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह आहे. अंध प्रशिक्षणार्थींसाठी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) असलेले दोन संगणक आहेत. सांकेतिक भाषेचे दुभाषक हवे असल्यास तीन आठवडे आधी कळवा." जे नाही ते लपवलं तर माणूस ४० किलोमीटरवरून येऊन दारातून परत जातो, आणि त्या गावातून पुन्हा कोणी येत नाही.

जाहिरात फक्त चित्राच्या रूपात व्हॉट्सॲपवर फिरवू नका. चित्रातला मजकूर फोनचा स्क्रीन रीडर नीट वाचेल याची खात्री नसते. चित्राखाली तोच मजकूर टाइप करून पाठवा. संपर्कासाठी फोन नंबर द्याच, शिवाय "या नंबरवर मेसेज करू शकता" असंही लिहा. कर्णबधिर व्यक्तीला नुसत्या फोन नंबरचा उपयोग नाही.

अर्जात अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी विचारण्याची पद्धत आहे. अनुदानित योजनेत ते लागतंही. पण त्यावरून वर्गात काय लागेल ते समजत नाही. ७५ टक्के अंधत्व असलेले दोघे वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात: एक मोठ्या अक्षरांत वाचतो, दुसरा फक्त ऐकतो. म्हणून आणखी चार प्रश्न घाला: सध्या वाचता कसे (छापील, मोठी अक्षरं, ब्रेल, ऐकून)? समोरच्याशी बोलता कसे (बोलून, सांकेतिक भाषेत, लिहून)? येता-जाता आणि बसताना काय सोय लागते? औषधं, डॉक्टर किंवा थकवा यामुळे वेळापत्रकात काही बदल हवा का? उत्तर देणं ऐच्छिक आहे आणि उत्तरामुळे प्रवेश नाकारला जाणार नाही, हे तिथेच छापा.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर प्रवेश अडवू नका. कार्डाला वेळ लागतो, तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या होतात. कार्डासाठी केलेल्या अर्जाची पावती घ्या आणि माणसाला वर्गात बसवा. प्रवेशाच्या वेळी आई-वडील किंवा भाऊ सोबत आले तरी प्रश्न अर्जदारालाच विचारा, अर्जदाराकडे बघून विचारा, आणि वयाने मोठा असेल तर "अहो-जाहो" करून विचारा. बौद्धिक अक्षमता असलेल्या २५ वर्षांच्या माणसाला "बाळा" म्हणणारा शिक्षक त्याला कामावरचा माणूस म्हणून घडवू शकणार नाही.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यातल्या जखमा, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन हे सगळे त्यात येतात. कलम १९ सांगतं की सर्वसाधारण कौशल्य प्रशिक्षणाच्या योजनांत दिव्यांगांचा समावेश असला पाहिजे. या कायद्यात "वाजवी सोयीसुविधा" ही कल्पना आहे: एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून केलेला योग्य तो बदल, जो संस्थेवर अवाजवी बोजा टाकत नाही. अशी सोय नाकारणं हा कायद्याने भेदभाव आहे. संचालक मंडळाला पटवताना हे वाक्य कामी येतं.

जागा

टेप घेऊन मोजा, नजरेने ठरवू नका. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२ असावा, म्हणजे १ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी. १५ सेंमीची एक पायरी असेल तर १८० सेंमी रॅम्प लागतो. तशा तीन पायऱ्या असतील तर ५४० सेंमी. एवढी जागा नसते म्हणून गवंडी दोन मीटरमध्ये बसवून देतो आणि तो रॅम्प मोटारसायकल चढवण्यापुरता उरतो. त्यावर व्हीलचेअर मागे उलटते. जागा कमी असेल तर मध्ये वळण घेऊन सपाट टप्पा द्या, नाहीतर वर्ग दुसऱ्या खोलीत हलवा. रुंदी किमान १२० सेंमी, वर आणि खाली दीड मीटर बाय दीड मीटर सपाट जागा, दोन्ही बाजूंना ७६ आणि ९० सेंमी उंचीवर कठडे, आणि कडेला चाक घसरू नये म्हणून बारीक उंचवटा. गुळगुळीत टाइल लावू नका. पावसाळ्यात कुबडीचं रबर त्यावर टिकत नाही. रॅम्पच्या तोंडाशी गटाराची जाळी असेल तर तिची भोकं बारीक हवीत, नाहीतर कुबडी आणि पांढरी काठी अडकते.

दरवाजा उघडल्यावर मोकळी रुंदी ९० सेंमी हवी. टेबलाखाली गुडघ्यांसाठी ७० सेंमी उंचीची मोकळी जागा लागते. बाजारातल्या बऱ्याच संगणक टेबलांना खाली सीपीयूचा कप्पा आणि आडवी फळी असते. ती काढून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. तारा जमिनीवर मोकळ्या सोडू नका.

स्वच्छतागृहाकडे लक्ष द्या, कारण याविषयी कोणी तक्रार करत नाही. सोय नसलेल्या ठिकाणी व्हीलचेअर वापरणाऱ्या, कॅलिपर (पायाला आधार देणारा साचा) घालणाऱ्या स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचे संसर्ग होतात आणि महिन्याभरात हजेरी घसरते. दार बाहेर उघडणारं असावं, आत व्हीलचेअर फिरेल एवढी म्हणजे दीड मीटर व्यासाची जागा, ४५ ते ४८ सेंमी उंचीचा कमोड आणि भिंतीत पक्के बसवलेले दांडे. तिथे झाडू, बादल्या आणि जुन्या खुर्च्या ठेवायच्या नाहीत, हे सफाई कामगारांना आणि कार्यालयाला लेखी कळवा. चांगलं बांधलेलं स्वच्छतागृह महिन्याभरात गोदाम झालेलं दिसतं, ते याच कारणाने.

वेळापत्रक एसटीच्या वेळा बघून लावा. दिव्यांगांना एसटी भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण शेवटची गाडी चुकली तर सवलतीचा उपयोग काय?

अभ्यासाचं साहित्य: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

महाराष्ट्रातल्या प्रशिक्षण संस्थांकडे असलेल्या मराठी नोट्सचा मोठा भाग जुन्या फाँटमध्ये आहे: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी. या फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांचं रूप देवनागरी दिसतं. स्क्रीन रीडर रूप बघत नाही, आतलं अक्षर वाचतो. त्यामुळे "नफा-तोटा पत्रक" ऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग ऐकू येते. तपासायची सोपी पद्धत अशी: एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. इंग्रजी अक्षरं आली तर फाँट जुना आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर आतही देवनागरीच राहील अशा पद्धतीत, बदलून देणारी रूपांतरकं मिळतात, पण रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी हाताने तपासावी लागते. "वर्ग", "कार्य", "स्थिती" असे शब्द आधी बघा, चुका तिथेच होतात.

पीडीएफची गोष्ट वेगळी आहे. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो, त्यात वाचण्यासारखं काहीच नसतं. टेसरॅक्टसारखं मोफत ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर) मराठी ओळखतं, पण झेरॉक्सची झेरॉक्स असलेल्या पानावर ते फार चुका करतं. तिथे पुन्हा टाइप करून घेणंच स्वस्त पडतं. युनिकोडमध्ये टाइप करून बनवलेल्या पीडीएफमधूनही देवनागरी कॉपी करताना मात्रा विखुरतात. नोटपॅडची चाचणी इथेही करा. मजकूर मोडला तर पीडीएफचा आग्रह सोडा आणि वर्डची मूळ फाईलच द्या.

वर्डमध्ये शीर्षकाला ठळक आणि मोठं करून भागत नाही. शीर्षकाची शैली लावा: कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबलं की मुख्य शीर्षक, २ दाबलं की उपशीर्षक. अंध प्रशिक्षणार्थी या शीर्षकांवरून उड्या मारत प्रकरण शोधतो. ती नसतील तर ६० पानांच्या नोट्समध्ये "कॅशबुक" शोधायला त्याला पहिल्या ओळीपासून ऐकत यावं लागतं. चित्राला पर्यायी मजकूर द्या आणि त्यात उपयोगाचं लिहा. "स्क्रीनचा फोटो" हे वर्णन नाही. "फाईल मेनू उघडलेला आहे, प्रिंट हा सातवा पर्याय" हे वर्णन आहे.

एक्सेलच्या सरावाच्या फाईलमध्ये एकत्र केलेले सेल नकोत. मधल्या रिकाम्या ओळी, रंगानेच दाखवलेली थकबाकी आणि पानाच्या मध्यावरून सुरू होणारा तक्ता, हे सगळं काढा. तक्ता ए१ सेलपासून सुरू करा, पहिल्या ओळीत स्तंभांची नावं द्या, आणि थकबाकीसाठी वेगळा स्तंभ करून त्यात "बाकी" असं लिहा. लाल-हिरवा रंग ओळखता न येणाऱ्यांनाही याचा फायदा होतो.

अल्पदृष्टी असलेल्यांसाठी १८ ते २४ पॉइंट अक्षर, निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा साधा फाँट आणि ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार जवळ येऊन गुंततात, म्हणून अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. ए४ पान झेरॉक्सवर ए३ करून देणं हा तात्पुरता उपाय आहे. एवढं मोठं पान टेबलावर मावत नाही आणि पुसट अक्षर मोठं होऊन आणखी पुसट होतं. पडद्यावर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ हवा. फिकट निळ्यावर पांढरं लिहिलेल्या स्लाइड यात नापास होतात.

ब्रेल सगळ्यांसाठी छापून ठेवू नका. आधी विचारा. मोठेपणी दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. ज्यांना येतं त्यांना सूत्रं, शॉर्टकट की आणि जमा-नावे नोंदींचे नमुने ब्रेलमध्ये मिळाले तर फार मदत होते. छापील एक पान ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतं, हे धरून वेळ काढा.

संगणक

अंध प्रशिक्षणार्थींसाठी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर विंडोजवर टाका. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक आवाज मराठी वाचतो. आवाज यांत्रिक आहे, नवख्या कानाला दोन-तीन दिवस त्रास होतो, मग सवय होते. जो आधीपासून वापरतो तो वेग इतका वाढवतो की शेजारच्याला एक शब्द कळत नाही. त्याला वेग कमी करायला सांगू नका. शिक्षकाला तो काय ऐकतोय हे बघायचं असेल तर एनव्हीडीएच्या साधनांमध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, त्यात बोललेला प्रत्येक शब्द पडद्यावर लिहून येतो.

हेडफोन एका कानाचा घ्या. दोन्ही कान झाकले की शिक्षकाचा आवाज येत नाही, आणि स्पीकरवर लावलं तर सगळा वर्ग वैतागतो. शिक्षकाने निदान एवढ्या की पाठ करायच्या: इन्सर्ट आणि खालचा बाण म्हणजे इथून पुढे वाच, कंट्रोल म्हणजे गप्प, इन्सर्ट आणि टी म्हणजे खिडकीचं नाव, वेबपानावर एच म्हणजे पुढचं शीर्षक, इन्सर्ट आणि स्पेस म्हणजे वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या अवस्थेत अदलाबदल. "फॉर्ममध्ये टाइपच होत नाही" ही पहिल्या आठवड्यातली नेहमीची तक्रार याच शेवटच्या कीने सुटते.

हात थरथरणाऱ्या किंवा एकच हात चालणाऱ्या व्यक्तीसाठी विंडोजमध्येच सोयी आहेत. शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज चालू होतात, मग कंट्रोल आणि सी एकत्र धरावं लागत नाही, एकामागून एक दाबलं तरी चालतं. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली की फिल्टर कीज, म्हणजे चुकून दोनदा दाबलेलं अक्षर दोनदा उमटत नाही. संगणक प्रयोगशाळेत कोणीतरी या खिडक्या त्रासदायक म्हणून बंद करून ठेवलेल्या असतात, त्या पुन्हा चालू करा. विंडोजची की आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग येतं.

हिशेबाचं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी माउस काढून ठेवा आणि फक्त कीबोर्डवर, स्क्रीन रीडर लावून, एक व्हाउचर नोंदवून बघा. काही सॉफ्टवेअर पडद्यावरची अक्षरं चित्रासारखी काढतात, तिथे स्क्रीन रीडर गप्प बसतो. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि तीन महिने वाचवते.

वर्गात

"इथे क्लिक करा", "हे असं वर घ्या", "लाल बटण दाबा". अंध प्रशिक्षणार्थीला या तिन्हींतून शून्य माहिती मिळते. "ऑल्ट आणि एफ दाबा, फाईल मेनू उघडेल, प्रिंटपर्यंत खालचा बाण" असं सांगितलं की त्याला कळतं, आणि बाकी १९ जणही शॉर्टकट शिकतात. फळ्यावर लिहिताना जे लिहिता ते मोठ्याने म्हणा. त्याच्या हाताला धरून माउस फिरवू नका. मदत हवी का ते विचारा, आणि निघून जाताना "मी जातोय" म्हणा, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो.

कर्णबधिरांच्या बाबतीत दोन गैरसमज जागोजागी भेटतात. पहिला, की ओठ बघून सगळं कळतं. "पाट", "भात" आणि "माठ" हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा. ओठांवर ते जवळपास सारखेच दिसतात. दुसरा, की लिहून दिलं की झालं. लहानपणापासून ऐकू न आलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी दुसरी. सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे. म्हणून नोट्समधली वाक्यं छोटी ठेवा, एका वाक्यात एकच कृती, आणि कर्मणी वाक्यं टाळा. "पावतीची नोंद रोखवहीत घेण्यात यावी" ऐवजी "पावती बघा. रक्कम रोखवहीत लिहा."

दुभाषक एका दिवसात मिळत नाहीत. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सांकेतिक भाषेच्या दुभाषकांना शिकवते, आणि दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र शब्दकोश तयार करतं. त्यांच्यामार्फत किंवा जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळेमार्फत शोध घ्या. तासाभरापेक्षा लांब वर्गाला दोन दुभाषक लागतात, दर २० ते ३० मिनिटांनी ते पाळी बदलतात. एकालाच तीन तास उभं केलं तर दुसऱ्या तासापासून अर्थ गळायला लागतो, आणि ते ना त्याच्या लक्षात येतं ना तुमच्या. धड्याचा मजकूर त्यांना तीन दिवस आधी द्या. "फॉर्म्युला", "सेल", "ताळेबंद" अशा ३०-४० शब्दांच्या खुणा कर्णबधिर प्रशिक्षणार्थींसोबत बसून आधीच ठरवा. दुभाषक शिक्षकाच्या शेजारी उभा राहील, त्याच्या पाठीमागे खिडकी नसेल, आणि प्रोजेक्टरसाठी दिवे बंद केले तरी त्याच्यावर एक दिवा राहील, अशी मांडणी करा.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: शिक्षक पडद्यावर कृती दाखवत असतानाच बोलत राहतो. ऐकणारा दोन्ही पकडतो. कर्णबधिराचे डोळे एका वेळी एकाच जागी असू शकतात. आधी सांगा, थांबा, मग दाखवा, मग पुन्हा थांबा. तो दुभाषकाकडे बघत लिहू शकत नाही, म्हणून नोट्स आधीच हातात हव्यात. फोनवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी बोलणं लिहून दाखवतं. जुजबी संवादाला ते चांगलं आहे, पण पंख्याच्या आवाजात आणि तांत्रिक शब्दांवर चुकतं, त्यामुळे दुभाषकाची जागा घेऊ शकत नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला पंखा आणि रस्त्यापासून दूर, शिक्षकापासून दीड-दोन मीटरच्या आत बसवा.

शिवणवर्ग असेल तर आणखी एक बाब. दोरा गुंतला की मशीनचा आवाज बदलतो, तो कर्णबधिराला ऐकू येत नाही. तळहात मशीनच्या पाट्यावर ठेवून थरथर ओळखायला शिकवा. आग लागल्याच्या घंटेला दिवाही जोडा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रशिक्षणार्थीला पूर्ण अभ्यासक्रम झेपेल किंवा नाही झेपणार, पण त्यातलं एक काम पक्कं शिकवता येतं. समजा झेरॉक्स काढणं. त्याचे तुकडे करा: मशीन चालू करा, हिरवा दिवा येईपर्यंत थांबा, झाकण उचला, कागद उलटा ठेवा, कोपरा खुणेला लावा, झाकण बंद करा, किती प्रती ते आकडा दाबा, सुरूचं बटण दाबा, प्रती मोजा, मूळ कागद काढा, प्रती आणि मूळ कागद वेगळे द्या. ११ पायऱ्या झाल्या. प्रत्येकीचा फोटो मशीनच्या बाजूला क्रमाने लावा. सुरुवातीला दहा पायऱ्या शिक्षक करेल आणि शेवटची प्रशिक्षणार्थी, म्हणजे पहिल्या दिवसापासून काम त्याच्या हातून पुरं होतं. मग शेवटच्या दोन, मग तीन. सलग तीन दिवस न सांगता बरोबर झाल्याशिवाय पुढे सरकू नका. मूळ कागद मशीनमध्ये विसरणं ही या कामातली ठरलेली चूक आहे, म्हणून त्या फोटोला जाड चौकट द्या. वर्गातल्या मशीनवर शिकलेलं दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर आपोआप जमत नाही. शेवटचे दोन आठवडे खऱ्या कार्यालयात, तिथल्या मशीनवर सराव ठेवा.

जे दिसत नाही

सिकलसेलचे रुग्ण विदर्भात आणि नंदुरबारकडे बरेच आहेत. अशा प्रशिक्षणार्थीला वर्गात पाण्याची बाटली, हवं तेव्हा पाणी आणि एसीच्या थेट झोतापासून दूर जागा द्या. पाणी कमी पडणं आणि थंडी यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. थॅलेसेमिया मेजर असलेल्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तो दिवस गैरहजेरीत धरू नका. हजेरीची ८० टक्क्यांची अट असेल तर उपचाराच्या दिवसांचा अभ्यास वेगळा भरून घेण्याचा नियम आधीच लिहून ठेवा. ऐनवेळी दयेवर सोडलं की एकाला मिळतं, दुसऱ्याला नाही.

मज्जारज्जूला इजा झालेली व्यक्ती तीन तास एकाच स्थितीत बसली तर जखमा होतात आणि त्या जाणवतही नाहीत. दर १५ ते ३० मिनिटांनी वजन हलवायला मोकळीक द्या. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांच्या हाताला संवेदना नसेल तर इस्त्री, सोल्डरिंग आणि धारदार हत्यारांच्या कामाआधी लाकडी मुठी आणि हातमोजे हवेत, आणि रोज शेवटी हात डोळ्यांनी तपासायची सवय लावावी. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी सकाळी गुंगी येते, अशांना दुपारची बॅच द्या. निदान काय आहे ते विचारायची गरज नाही.

परीक्षा

परीक्षा घेणाऱ्या संस्थेला किमान चार आठवडे आधी लेखी कळवा: कोणाला लेखनिक, कोणाला स्क्रीन रीडर, कोणाला दुभाषक, कोणाला मोठ्या अक्षरांतला पेपर. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिकास पात्र उमेदवाराला दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. खोली, पर्यवेक्षक आणि वीज तेवढा वेळ राहील हे बघा. ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असेल तरी लिहिता न येणाऱ्याला लेखनिक नाकारता येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळ्या सूचना काढल्या.

लेखनिकासोबत सरावाचा एक पेपर आधी सोडवून घ्या. तक्ता सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करायची गोष्ट नाही.

पद्धत बदला, दर्जा बदलू नका. अंध उमेदवार आलेख काढण्याऐवजी आलेखाच्या आकड्यांवरून निष्कर्ष लिहील. कर्णबधिर उमेदवार तोंडी परीक्षा दुभाषकामार्फत किंवा लिहून देईल. पण ताळेबंद जुळला पाहिजे, तो सगळ्यांचाच. कृपेचे गुण देऊन पास केलेला उमेदवार पहिल्या महिन्यात नोकरी गमावतो, आणि मालक पुढच्या वेळी दिव्यांग उमेदवाराची मुलाखतच घेत नाही.

नोकरीकडे

मालकांना दुसऱ्या महिन्यातच वर्गात बोलवा, प्रमाणपत्र वाटपाला नव्हे. स्क्रीन रीडरवर एक्सेलचा तक्ता भरताना प्रत्यक्ष बघितलं की "हे कसं करणार?" हा प्रश्न तिथेच मिटतो. नोकरी ठरली की कामाच्या जागी एक फेरी मारा: तिथला संगणक, तिथलं सॉफ्टवेअर, तिथलं स्वच्छतागृह, तिथली एसटी. एनव्हीडीए टाकायला कंपनीच्या संगणक विभागाची परवानगी लागते, आणि ती रुजू होण्याच्या दिवसाआधी मिळालेली असावी. पहिल्या आठवड्यात दोनदा, पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा आणि नंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत पंधरवड्याने एक फोन किंवा मेसेज करा. अडचण आली तर ती बहुतेक पहिल्या दहा दिवसांत येते, आणि ती लहान असते: खुर्ची, पासवर्डचं पान, जेवणाच्या सुट्टीत कोणीच न बोलणं.

बॅच संपताना प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एकटं बसवून तीन प्रश्न विचारा: कोणत्या दिवशी वर्ग सोडावासा वाटला, कोणती सोय मागायला संकोच वाटला, आणि आम्ही दिलेली कोणती सोय तुम्ही वापरलीच नाही? उत्तरं लिहून त्याच फाईलमध्ये ठेवा ज्यात युनिकोड केलेल्या नोट्स, ठरवलेल्या खुणांची यादी, दुभाषकांचे नंबर आणि परीक्षा संस्थेला पाठवलेल्या पत्राचा नमुना आहे. पुढच्या बॅचची जाहिरात लिहायला बसाल तेव्हा ही फाईल आधी उघडा.